टपावरचा फोड

थंडी पडली की माझा उजवा खांदा दुखू लागतो, आणि खांदा दुखू लागला की ती केस उभीच्या उभी डोळ्यांसमोर येते. घरात ती सगळ्यांना पाठ झाली आहे. मी "मोखाड्याकडच्या त्या गाडीचं सांगतो," एवढं म्हणालो की बायको चहा टाकायला उठते आणि माझं बोलणं संपेपर्यंत चहा काही होत नाही. म्हणून ठरवलं, यंदा लिहूनच काढावी. कागद उठून जात नाही.

नावं कुणाचीच देणार नाही. गावाचंही नाही. जव्हारकडून मोखाड्याकडे जाताना अशी वळणं पुष्कळ आहेत, त्यांतलं एक धरा.

त्या भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. नोकरी मी मुदतीआधीच सोडली, त्यामुळे निवृत्त म्हटलं की लोक माझ्या केसांकडे संशयाने बघतात. तर सांगायचं हे, की पोलीस क्रीडा स्पर्धांत मी भालाफेक करायचो. पदकं आहेत. फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढे याच पदकांची अब्रू जाणार आहे म्हणून आधी ओळख करून देतो.

आमच्या ठाण्याचं काम कसं, तर सकाळी हजेरी, मग बंदोबस्ताचं वाटप, मग बैल हरवल्याची तक्रार, मग तोच बैल सापडल्याची बातमी. घाटात एखादा ट्रक कलंडला तर धावपळ. अशा ठाण्यात एका दुपारी फोन वाजला. फोन आमच्या हवालदारांनी घेतला. या हवालदारांचं पोट मोठं, चाल सावकाश, पण कान असा की एकदा ऐकलेला आवाज पुन्हा विसरणार नाहीत. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. हवालदारांनी त्याचं बोलणं मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं:

"वळणावर डोंगरातल्या बाईने गोफण मारली मालकांच्या गाडीवर. डावी काच फोडून दगड टपाला लागला. मालक थोडक्यात वाचले. आपल्याला काय घेणं नाय साहेब, फक्त कानावर घातलं."

आम्ही जीप काढतोय तोवर मालक स्वतःच आले. पांढरी गाडी, डाव्या खिडकीची काच नाही, कपाळावर रुमाल, रुमालावर रक्त. शहरातून आलेले गृहस्थ. जव्हारजवळच्या शिरपामाळावर फिरायला येणाऱ्यांची गर्दी बघून त्यांना वाटलं, आपणही इथे तंबू ठोकावेत, लोकांना डोंगर दाखवावेत. रस्त्यालगत त्यांनी जमीन घेतली होती. पण डोंगर जिथून छान दिसतो ती जागा नेमकी वरच्या बाईच्या शेतात होती, आणि बाई शेत द्यायला तयार नव्हती.

माझा अनुभव असा, की ज्याला खरोखर लागलेलं असतं तो ठाण्यात आल्यावर आधी पाणी मागतो. या गृहस्थांनी आधी विचारलं, "कलम कुठलं लावणार?"

"आधी बसा," मी म्हणालो.

"बसतो, पण खुनाच्या प्रयत्नाचंच लावा. मी गाडी चालवत होतो. डोंगरावरून दगड आला, काच फुटली, कपाळावर बसला. दोन बोटं इकडे आला असता तर तुम्ही माझा पंचनामा करत असता!"

गाडीत पायाशी दगड पडलेला होता. मुठीएवढा, काळा, चहूबाजूंनी धारदार. पंचांसमक्ष जप्त केला, कापडात बांधून लाख लावली. गाडी आवारात उभी करून घेतली. मालक डॉक्टरकडे गेले आणि आम्ही डोंगराकडे.

शेत उतारावर होतं. नागली, म्हणजे आपली नाचणी, तयार व्हायला आली होती, कणसं मुठी वळल्यासारखी आवळलेली. मधोमध चार लाकडांवर बांधलेला माळा, आणि माळ्यावर ती. पन्नाशीच्या पुढची, काटक, गुडघ्यापर्यंत लुगडं, कमरेला गोफण.

"कोण हाय?" वरून आवाज आला.

"पोलीस."

"मग वर नको येऊ. माळा तुझा भार नाय घेणार. मीच उतरते."

या डोंगरांत साहेबालाही 'तू'च म्हणतात. सुरुवातीला नवीन अधिकाऱ्याचे कान टवकारतात. मला ते फार आवडायचं. आईनंतर मला इतक्या मोकळेपणाने कुणी तू म्हणत नव्हतं.

तिचा नवराही शेताच्या कडेला होता. झाडावरून पडल्यापासून त्याचा उजवा हात खांद्याच्या वर उठत नसे. तो हात जोडायला गेला तर एकच हात वर आला.

मी मोबाइलवर जप्त दगडाचा फोटो दाखवला. "हा दगड ओळखतेस?"

तिने फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि खो-खो हसली. "ही तर रस्त्याची खडी! असला दगड कोण गोफणीत घालतं? जाळी फाटल माझी." कमरेच्या पिशवीतून तिने मूठभर दगड काढून माझ्यापुढे धरले. ओढ्यातले, गोल, गुळगुळीत, दोन मापांचे. "उन्हाळ्यात निवडून ठेवते. पाखरांना बारीक, वानरांना मोठा."

"आणि माणसांना?"

नवरा मध्येच म्हणाला, "नाय साहेब, माणसांना नाय मारत ती."

"त्या मालकाचे मोजणीवाले आले होते तवा मारला होता की," बाई म्हणाली. "पायापाशी टाकला. लागला कुणाला? विचार. पायापाशी म्हणजे पायापाशी. आनि सांगितलं, दुसरा डोक्यात येल."

झालं! धमकीही कबूल. नवऱ्याने डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी तिला चौकशीला ठाण्यात बोलावलं. महिला शिपाई शेजारी, समोर मी, दाराशी नवरा. आता मी तुम्हाला आतली गोष्ट सांगतो. मालकांच्या तक्रारीचा मला वास येत होता, पण वासाचा पंचनामा होत नाही. माझ्या मनात सरळ हिशेब होता: शेतापासून रस्ता पुष्कळ लांब. एवढ्या लांब दगड पोचत नाही असं बाईने सांगितलं की निम्मी केस तिथेच ढेपाळते. म्हणून मी प्रश्न असा विचारला की त्यातच उत्तर घालून दिलं.

"एवढ्या लांब रस्त्यापर्यंत काही गोफणीचा दगड पोचत नाही. बरोबर ना?"

"पोचतो," ती म्हणाली.

"नीट आठवून सांग. मोठा दगड?"

"मोठा बी पोचतो. रस्त्याच्या पल्याड जातो."

"नाय साहेब," दारातून नवरा ओरडला, "ती मस्करी करते!"

"तू गप!" ती त्याच्यावर उसळली. "माझी गोफण पोचत नाय असं ठाण्यात लिहून घेनार? उद्या पाड्यावर सांगतील, हिचा दगड रस्त्यापर्यंत बी जात नाय. मग वानरं तरी भितील का मला?"

"अगं बाई," मी टेबलावर हात आपटला, "पोचतो म्हणालीस तर तू आत जाशील!"

"तू इचारलंस पोचतो का. मी सांगितलं पोचतो. मारला का इचार."

"मारलास का?"

"नाय."

"मग कुणी मारला?"

"मला काय ठावं? पन मी मारला असता ना, तर तो मानूस तुझ्याकडं तक्रार द्यायला चालत आला नसता."

महिला शिपाईने हसू दाबायला तोंडावर फाइल धरली. मी धरली नाही, कारण मला दुसरीच चिंता होती. संशयिताने गुन्हा नाकारावा आणि गुन्ह्याची ताकद मात्र छाती पुढे काढून कबूल करावी, असं मी पहिल्यांदाच बघत होतो.

ती गेल्यावर नवरा मागे रेंगाळला. म्हणाला, "साहेब, नागली पंधरवड्यात कापायला येल. हिला आत ठेवलं तर वानरं सगळं शेत झोपवतील. मी माळ्यावर बसेन, पन हात उठत नाय. वरसभर भाकर कशाची करू?"

यावर कायद्यात उत्तर नव्हतं. त्या कलमात अटक झाली की जामीन कधी होईल ते सांगता येत नाही, आणि वानरं तारखेची वाट बघत नाहीत. खाली साखरशेत गावाकडे भाताची खाचरं तरी आहेत. या उतारावर नागली गेली की काहीच उरत नाही.

संध्याकाळी मोठ्या साहेबांचा फोन. मालकांनी वरपर्यंत पोचवलं होतं. "धमकी कबूल आहे. अंतर पोचतं हेही ती कबूल करते. मग अडलंय कुठे?"

"सर, मारलं हे कबूल करत नाही."

"तसं कोण करतं? उद्या अटक दाखवा."

"बघतो सर," म्हणून मी फोन ठेवला.

आता चहा. पोलीस ठाण्याच्या आवारात जप्तीची गाडी उभी असली की ती नियमाने कुणी हात न लावण्याची वस्तू असते आणि व्यवहारात ती टेबल असते. दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी झाली. हवालदारांनी नेहमीप्रमाणे माझा चहाचा ग्लास त्या पांढऱ्या गाडीच्या टपावर ठेवला, चालकाच्या बाजूला. ग्लास वाकडा झाला. त्यांनी सरळ केला. पुन्हा वाकडा. तिसऱ्यांदा चहा ओघळत माझ्या बुटावर आला.

"गाडी उतारावर आहे का हो?" मी चिडून विचारलं.

"नाही साहेब, टपालाच उंचवटा आहे."

मी टपावर तळहात फिरवला. चालकाच्या डोक्याच्या वर, पत्र्याला लिंबाएवढा फुगवटा आला होता. खड्डा नव्हे, फोड! पत्रा आतून बाहेर ढकलला गेला होता. दार उघडून आत पाहिलं, तर छताचं कापड बरोबर त्याच जागी फाटलेलं. आम्ही सगळ्यांनी काच पाहिली, दगड पाहिला, कपाळ पाहिलं. वर कुणी पाहिलंच नव्हतं.

म्हणजे दगड डाव्या काचेतून शिरला आणि वर चढत चढत उजवीकडच्या छताला बसला. आणि बाईचं शेत तर रस्त्याच्या कितीतरी वर!

मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "सीटवर आपटून उसळला असेल."

"सर, सीटच्या कापडावर ओरखडाही नाही. मऊ सीटवरून उसळलेला दगड पत्र्याला फोड आणत नाही."

"तर्क नकोत. संध्याकाळपर्यंत अटक दाखवा."

"नाही सर. उद्या सकाळी जागेवर प्रात्यक्षिक. पंचांसमक्ष ती तिथूनच दगड टाकेल. तुम्हीही या, तक्रारदारालाही आणा. त्याआधी मी अटक करणार नाही."

"आणि तुमचं म्हणणं खोटं निघालं तर?"

"तर माझी बदली करा. पण टपावरच्या फोडाची बदली कुठे करणार?"

हे शेवटचं वाक्य मी फोन बंद झाल्यावर म्हणालो, असं हवालदार सांगतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.

दुपारी खात्री करायला मी हवालदारांना घेऊन पुन्हा डोंगरावर गेलो. फोडाबद्दल तिथे कुणाला एक अक्षर सांगितलं नाही. मला फक्त त्या जागेवरून दगड कसा जातो ते बघायचं होतं. भाला शिकवणारे आमचे उस्ताद सांगायचे, सपाट मैदानावर लांब फेकायचं असेल तर जमीन आणि आभाळ यांच्या बरोबर मधोमध नेम धर. उंचावर उभा असशील तर नेम थोडा खाली घे, कारण उंची तुला अंतर फुकट देते. हे सगळं आठवून, बाह्या सरसावून, दोन पावलं धावून मी हाताने दगड फेकला. सुटताना खांद्यात कट्ट आवाज झाला. दगड रस्त्याच्या अर्ध्यावर, करवंदीच्या जाळीत पडला.

"थांब, करवंदं आनतो का तो बघू," बाई म्हणाली.

मग मी गोफण मागितली. गोफण म्हणजे खरं तर हात लांब करण्याची युक्ती. हात जेवढा लांब तेवढं त्याचं टोक जोरात फिरतं. दोरीने तुमचा हात दुप्पट होतो आणि दगडाला असा वेग मिळतो की नुसत्या खांद्याने तो जन्मात देता येणार नाही. शास्त्र मला पूर्ण ठाऊक होतं. दोरी कधी सोडायची तेवढं ठाऊक नव्हतं. दगड मागे गेला. हवालदार त्या पोटासकट नागलीत आडवे झाले, आणि ते इतक्या चपळाईने झाले की पुढे माझी बदली होईपर्यंत मी त्यांना सावकाश चालू दिलं नाही.

"दोघं जा घरी," बाई म्हणाली. "वानरं बघून हसतात."

पण माझं काम झालं होतं. वर फेका, आडवा फेका, हाताने फेका, गोफणीने फेका. या शेतातून निघालेला दगड रस्त्यावर पोचताना उतरतच असतो. एकदा हातातून सुटला की त्याला खाली ओढणाऱ्या जमिनीशिवाय दुसरा मालक नाही. शेवटच्या टप्प्यात तो पुन्हा वर चढत नाही.

आता पेच बघा. प्रात्यक्षिकात बाईचा दगड कमी पडला, तर मालक म्हणणार, तिने मुद्दाम कमी टाकला. आणि ते म्हणणं खोडता येणार नाही. तिने पूर्ण ताकदीने टाकला, रस्त्यावर पोचवला, आणि तो कसा येतो हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं, तरच माझा फोड बोलणार. काल मला ती 'नाही पोचत' म्हणायला हवी होती. आता तिने पोचवायलाच हवा होता. आणि हे मी तिला सांगू शकत नव्हतो. संशयिताला पढवून केलेल्या प्रात्यक्षिकाची किंमत शून्य. तिने आपणहून करायला हवं होतं.

सकाळी वळणावर सगळे जमले. मोठे साहेब, दोन पंच, मालक, आणि मालकांचा मुकादम. हा मुकादम तंबूंच्या जागेवर देखरेख करायचा. त्या दिवशी आपण रजेवर होतो, ठाणे शहरात गेलो होतो, असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. मी गाडी जिथे होती असं मालक म्हणत त्या जागी डांबरावर चुन्याने चौकोन आखला, तिथून सगळ्यांना लांब उभं केलं, आणि स्वतः एका पंचाला घेऊन वर गेलो. हवालदार खाली, गर्दीत. त्यांच्याकडे एक वायरलेस, माझ्याकडे एक.

माळ्याखाली पाड्यातली जाणती माणसं बाईभोवती जमली होती. नवरा तिच्या पायाशी बसून हळूच सांगत होता, पण डोंगरात हळू बोललेलंही ऐकू येतं.

"कमी टाक गं. एकदा कमी टाक. कोन बघतंय?"

"मी बघते."

"हात दुखतो सांग."

"नाय दुखत."

एक म्हातारा म्हणाला, "पोरी, आमाला ठावं हाय तुझा दगड कुठवर जातो. सरकारला कशाला दावतेस?"

"सरकारनं इचारलंय म्हनून," ती म्हणाली.

तेवढ्यात वायरलेसवर खालून मालकांचा निरोप आला: ओढ्यातला गोटा चालणार नाही, गाडीत सापडला तसाच खडीचा दगड हवा. जड, वेडावाकडा दगड. तो खरंच कमी पडला असता. पाड्यातल्या माणसांचे चेहरे मात्र उजळले. नवरा तर उठून उभा राहिला. देवानेच सुटका धाडली असं त्याला वाटलं असणार.

मी बरोबर आणलेला खडीचा दगड पुढे केला. बाईने तो हातात तोलला. गोफणीच्या जाळीकडे एकदा मायेने पाहिलं. आणि मग खाली रस्त्याकडे बघून एवढंच म्हणाली, "फाटली तर नवी विणीन."

खालून मुकादमाची आरोळी आली, डोंगरभर घुमली: "ए बाई, मुद्दाम कमी नको टाकू! आपल्याला काय घेणं नाय, पण खरं ते दिसू दे!"

गोफण फिरायला लागली. आधी फडफड, मग घरघर, मग नुसती एक लांब शीळ. बाईने पाय रोवले, कंबर वळली, आणि दोरीचं एक टोक सुटलं.

दगड वर गेला. निळ्या आभाळात काळा ठिपका, मग ठिपकाही दिसेना. नवऱ्याने तोंड फिरवलं. मी खाली बघत होतो. खालची झाडून सगळी माणसं माना वर करून उभी होती. मग ती एकदम मागे पळाली, आणि चुन्याच्या चौकोनाच्या अलीकडच्याच कडेला डांबराचा टवका उडाला. आवाज आमच्यापर्यंत नंतर आला.

"पोचला!" खाली मालक अक्षरशः नाचत होते. वर पाड्यातली माणसं खाली बसली. नवरा रडायला लागला. बाईने फाटलेली जाळी झटकली आणि मला म्हणाली, "लिव. पोचतो म्हनून लिव."

मी धावत खाली आलो. खांदा दुखत होता, पण खांद्याला कोण विचारतो?

"साहेब, अजून काय हवंय?" मालक म्हणाले. "पंचांनी डोळ्यांनी पाहिलं."

"काय पाहिलंत?" मी दोन्ही पंचांना विचारलं. माझ्याबरोबर उतरलेला पंच म्हणाला, दगड वर गेला आणि खाली आला. दुसरा काही बोलायच्या आत मालकच पुढे झाले.

"वरून आला! सरळ डोक्यावर! मी मान वर करून बघत होतो, मागे झालो नसतो तर बसलाच होता. लिहून घ्या, वरून आला."

"वरूनच आला?"

"वरूनच! आणखी कुठून येणार?"

"त्या दिवशीही असाच?"

"अगदी असाच!"

मी ते पंचनाम्यात घेतलं, त्यांची सही घेतली. मग वळणामागे उभी करून ठेवलेली पांढरी गाडी ढकलत आणवली आणि चुन्याच्या चौकोनात लावली. "हवालदार," मी म्हणालो, "साहेबांना चहा द्या."

हवालदारांनी थर्मासमधून ग्लास भरला आणि मी सांगितलेल्या जागी, टपावर ठेवला. ग्लास कलला. चहा काचेवरून ओघळला. मोठ्या साहेबांनी आधी चहाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुढे येऊन टपावर हात फिरवला. बराच वेळ त्यांचा हात त्या फोडावरून हलला नाही.

"वरून आलेल्या दगडाने खड्डा पडतो, सर," मी म्हणालो. "हा फोड आहे. हा दगड खालून वर गेला. फेकणारा गाडीच्या खिडकीपेक्षाही खाली होता. इथे खिडकीपेक्षा खाली अशी एकच जागा आहे." आणि मी डोंगराच्या पायथ्याशी, रस्त्याच्या कडेने गेलेल्या पाण्याच्या चराकडे बोट दाखवलं. "आणि दगड छताला बसला, तेव्हा ज्यांच्या कपाळावर तो आदळला म्हणतात ते गृहस्थ गाडीत होते की बाहेर, हे आता त्यांनीच सांगावं."

हवालदार पुढे आले आणि मुकादमासमोर उभे राहिले. "त्या दिवशी फोन तुमचाच होता. आवाज ओळखला मी, मघाशी ओरडलात तेव्हाच. आपल्याला काय घेणं नाय, फक्त कानावर घातलं. बरोबर?"

"मी... मी तर ठाण्याला होतो."

"मग दगड टपाला लागला हे ठाण्याहून दिसलं?" मी विचारलं. "मालकांच्या तक्रारीत टपाचं नाव नाही. फोनवरचं ऐकून मीही विसरलो होतो, चहा सांडल्यावर उमगलं. तुम्ही ते फोनवर दुसऱ्याच वाक्यात सांगितलंत."

मुकादमाने मालकांकडे पाहिलं. मालकांनी डोंगराकडे. माणूस असा एकटा पडला की त्याला ढकलावं लागत नाही.

"गाडी उभी होती," तो म्हणाला. "आत कोण नव्हतं. मालक बोलले, फक्त काच फोड. रस्त्यावरनं कोण येईल जाईल म्हणून मी चरात बसून मारला."

"गप्प बस!" मालक किंचाळले.

"आता कसला गप्प बसू? मला एकट्याला नेतील!"

पोलिसासमोर दिलेली अशी कबुली न्यायालयात टिकत नाही, हे मला माहीत होतं, तुम्हालाही असू द्या. पुढचं सगळं रीतसर केलं. मुकादमाचा फोन त्या दुपारी कुठल्या टॉवरखाली होता ते मागवलं. कपाळावरची जखम दगडाची नसून काचेने ओढलेली आहे, असा डॉक्टरांचा अभिप्राय आला. खोटी तक्रार आणि बनावट पुरावा याबद्दल दोघांवर कारवाई झाली. मोठे साहेब जाताना एवढंच म्हणाले, "चहा गार होता." पोलीस खात्यात याला शाबासकी समजायचं असतं.

नागली त्या वर्षी वानरांच्या नव्हे, माणसांच्या पोटात गेली.

या केसने मला काय शिकवलं? चौकशीत आम्हाला 'नाही' ऐकायची सवय असते. नाही म्हणणारा निर्दोष असेल असा एक अंदाज, फार ठासून नाही म्हणणारा दोषी असेल असा दुसरा. पण निर्दोष माणूस कधी कधी ताठ मानेने 'हो' म्हणतो, आणि त्या 'हो'ला घाबरून आपण त्याला वाचवायला खोटं बोलायला लावतो. मी तिला वाचवायचं म्हणून तिच्याकडून एक छोटंसं खोटं मागितलं होतं. ते तिने दिलं असतं तर प्रात्यक्षिक झालंच नसतं, आणि फोड टपावरच राहिला असता. ती उघड्या माळ्यावर उभी राहून, सगळ्या डोंगराच्या देखत दगड फेकते. तो चरात बसून फेकत होता. दोघांचे दगड वेगवेगळ्या दिशेने का जातात, हे मला शाळेत कुणी असं शिकवलं नव्हतं.

बदली होण्याआधी एकदा मी तिच्या शेतावर गेलो. नवी विणलेली गोफण घेऊन ती माळ्यावर बसली होती. मी म्हणालो, "आता केस संपली. कागद नाही, पंच नाहीत. खरं सांग, तुझा दगड कुठवर जातो?"

ती उतरली. ओढ्यातला एक गोल दगड निवडला. शीळ वाजली, दगड रस्त्यावरून, रस्त्यापलीकडच्या झाडांवरून दरीच्या बाजूला दिसेनासा झाला. आम्ही दोघं कान देऊन उभे राहिलो. पडल्याचा आवाज काही आला नाही.

"कुठे पडला?" मी विचारलं.

"पडला कुठं?" ती म्हणाली आणि पुन्हा माळ्यावर चढू लागली. "अजून जातोय."